काळा बेल्ट कधी मिळणार?

तायक्वांदोच्या वर्गात मुलाचं नाव घालायला आलेले पालक सहसा तीन गोष्टी विचारतात. फी किती, वेळ कोणती, आणि काळा बेल्ट कधी मिळणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरांच्या तोंडावर असतात. तिसऱ्याला बहुतेक सर "आधी येऊ तर द्या" म्हणून वेळ मारून नेतात. त्यांचंही बरोबर असतं, कारण हा प्रश्न एक वाटला तरी त्याच्या पोटात चार-पाच प्रश्न असतात. बेल्ट कोण देतं? कशासाठी देतं? रंगांना अर्थ आहे का? आणि एका गावातला बेल्ट दुसऱ्या गावात चालतो का?

मुंबई-गोवा महामार्गावर अलिबागचा फाटा जिथे फुटतो, ते पेण तालुक्यातलं वडखळ डोळ्यांसमोर ठेवून आपण हे प्रश्न सोडवू. अलिबागच्या वाटेवर डोलवीचा पोलाद कारखाना आणि धरमतरची खाडी, उरलेल्या बाजूंना भातखाचरं. अशा नाक्याच्या गावात संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली, कमरेला रंगीत बेल्ट बांधलेली पोरं दिसली की बघणाऱ्याला वाटतं, हिरव्यापेक्षा निळा भारी, निळ्यापेक्षा लाल भारी. तेवढं खरं आहे. पण किती भारी आणि कशात भारी, हे बेल्टच्या रंगावरून कळत नाही.

१. बेल्ट कोणासाठी असतो?

वर्गात चाळीस मुलं आहेत. सर एक, मदतीला एखादी मोठी मुलगी. काही मुलं गेल्या आठवड्यात आलेली, काही तीन वर्षं येणारी. सरांना सगळ्यांची नावं पाठ असतील, पण कोणाला काय येतं, कोणाची जोडी कोणाशी लावायची, कोणाला उडी मारून लाथ मारायला सांगितलं तर घोटा मुरगळेल, हे क्षणात कळायला हवं. ते काम बेल्ट करतो. पिवळे इकडे, निळे तिकडे, लाल बेल्टवाल्यांनी पॅड धरा. एका नजरेत वर्ग लागतो.

म्हणजे बेल्ट मुळात शिकवणाऱ्याच्या सोयीचा आहे. या मुलीचं इथपर्यंत झालं, आता पुढचं शिकवा, एवढीच नोंद तिच्या कमरेला बांधलेली असते. पालकांना तो बक्षीस वाटतो, मुलांना मोठेपणा वाटतो, आणि त्यात वावगं काही नाही. पण ही मूळ गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे बरेच घोटाळे टळतात.

दोन शब्द इथेच समजून घेऊ. रंगीत बेल्टच्या पायऱ्यांना ‘कुप’ म्हणतात आणि काळ्या बेल्टच्या पायऱ्यांना ‘दान’. कुप उलटे मोजतात. नवख्याचा आकडा मोठा, आठवा किंवा दहावा, आणि वर चढत जाल तसा तो कमी होत पहिल्या कुपपर्यंत येतो. तिथून काळा बेल्ट, आणि मग दान सुलटे: पहिला, दुसरा, तिसरा. आपल्याकडच्या वर्गांत कोणी फारसे कुप मोजत बसत नाही. मुलं सरळ रंग सांगतात: यलो, ग्रीन, ग्रीन वन, ब्लू, ब्लू वन, रेड, रेड वन आणि ब्लॅक. ‘वन’ म्हणजे त्याच रंगाची पुढची पायरी.

२. रंग आले कुठून?

तायक्वांदो कोरियाचा आणि बेल्टही कोरियाचाच असणार, असा आपला समज. बेल्टची गोष्ट मात्र जपानमध्ये सुरू होते, तीही ज्युडोमध्ये. जिगोरो कानो या शिक्षकाने 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युडोची शाळा काढली. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या दोन शिष्यांना पहिला दान दिला. दान ही श्रेणी त्याने नव्याने शोधलेली नव्हती. ‘गो’ नावाच्या पटावरच्या खेळात ती आधीपासून होती. दान मिळालेला आणि न मिळालेला ओळखू यावा म्हणून 1886 च्या सुमारास काळा पट्टा आला. तेव्हा दोनच रंग पुरत होते.

मधले रंग युरोपात वाढले. 1920 आणि 1930 च्या दशकांत लंडन आणि पॅरिसच्या ज्युडो वर्गांत पिवळा, हिरवा, निळा असे टप्पे दिसू लागले. 1935 मध्ये पॅरिसला गेलेल्या मिकोनोसुके कावाइशी या जपानी शिक्षकाचं नाव या पद्धतीशी कायमचं जोडलं गेलं आहे. कारण समजण्यासारखं आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळ येणाऱ्या नोकरदाराला ‘पाच वर्षं पांढराच बांध’ म्हटलं तर तो सहाव्या महिन्यात दिसेनासा होतो.

कराटेने 1924 मध्ये दान पद्धत ज्युडोकडून उचलली. 1910 ते 1945 कोरिया जपानच्या अंमलाखाली होता. त्या काळात जपानमध्ये कराटे शिकलेल्या कोरियन तरुणांनी परत येऊन आपापल्या शाळा काढल्या, आणि त्यांच्याबरोबर दान आणि बेल्टही आले. या शाळांना एका छत्राखाली आणायची खटपट चालू असताना जनरल चोई होंग ही यांच्या पुढाकाराने 1955 मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव ठरलं. भारतात हा खेळ 1970 च्या दशकात जिमी जगतियानी यांनी आणला.

वर्गावर्गांत सांगितली जाणारी एक आख्यायिका इथेच निकालात काढू. पूर्वी म्हणे बेल्ट कधी धूत नसत. पांढरा बेल्ट घामाने पिवळा पडायचा, गवताने हिरवा व्हायचा, मातीने तपकिरी आणि शेवटी मळून काळा. ऐकायला झकास, पण खरं नाही. काळा पट्टा कानोने ठरवून दिला, मधले रंग काही दशकांनी आले, तेही दुसऱ्या खंडात. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात न धुतलेला बेल्ट काळा होत नाही, त्याला बुरशी येते.

आपल्याकडच्या तालमीत बेल्टचा प्रकार कधी नव्हता. जत्रेच्या फडात पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर लागायच्या. मग नारळ, मग रोख इनाम, आणि शेवटी मानाची कुस्ती. पैलवान कुठल्या कुस्तीला आखाड्यात उतरतो यावरून त्याची पायरी गावाला कळायची. ती पायरी मैदानात, चारचौघांसमोर, दुसऱ्याला चीत करून मिळायची आणि पुढच्या जत्रेत जायचीही. बेल्ट तसा नाही. तो कोणालाही न हरवता मिळतो आणि एकदा मिळाला की सहसा जात नाही. शिकायला ही पद्धत बरी, असं माझं मत आहे, विशेषतः ज्या मुलाला हरण्याचीच भीती वाटते त्याच्यासाठी. पण मग बेल्टकडून कुस्तीच्या निकालाची अपेक्षा ठेवू नये. दोन हिरव्या बेल्टांत कोण जिंकेल हे बेल्ट सांगत नाही.

३. रंगांचा अर्थ, आणि पिवळ्याचं कोडं

रंगांचे जे अर्थ परीक्षेत तोंडी विचारतात, ते मुख्यतः चोई यांच्या परंपरेतून आले. त्यांनी 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापला आणि शिकणाऱ्याची वाढ झाडाच्या वाढीत बसवली. पांढरा म्हणजे कोरेपणा, अजून काही ठाऊक नाही अशी अवस्था. पिवळा म्हणजे माती, जिच्यात बी रुजतं. हिरवा म्हणजे वर आलेलं रोप. निळा म्हणजे आकाश, ज्याच्या दिशेने झाड वाढतं. लाल म्हणजे धोका. काळा म्हणजे पांढऱ्याच्या उलट, पक्वता.

वडखळच्या एखाद्या शेतकरी आजोबांना हे सांगून बघा. ते पहिल्यांदा पिवळ्यावर अडतील. भाताचा त्यांचा हिशोब वेगळा. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या आगेमागे त्यात पेरायचं, आवण हातभर झालं की चिखलात लावणी करायची. मग हिरवंगार शेत, पोटरी, लोंबी, आणि दिवाळीच्या सुमाराला शेत पिवळं झालं की कापणी. पिवळं म्हणजे पिकलेलं. मग ज्या पोराला दोन लाथा धड येत नाहीत त्याला पिवळा का?

आजोबांची शंका रास्त आहे, पण त्यांच्याच शेतात तिचं अर्धं उत्तरही आहे. इथे पिवळा पिकाचा नाही, जमिनीचा. पिवळ्या बेल्टचं सगळं काम मुळांचं असतं: उभं कसं राहायचं, वजन कोणत्या पायावर, मूठ कशी वळायची. लावणीनंतरचे आठ-दहा दिवस आठवा. आवण उपटून चिखलात लावलं की आधी ते कोमेजतं, मान टाकतं. नवखा घाबरतो, शेतकरी घाबरत नाही, कारण रोप तेव्हा वर वाढत नसून खाली मूळ धरत असतं. पांढऱ्यातून पिवळ्यात आलेली मुलं नेमकी अशीच दिसतात. पहिल्या महिन्याचा उत्साह ओसरलेला, रोज तेच तेच, आणि "काही प्रगती दिसत नाही हो" अशी घरून तक्रार. हिरवा आला की फरक लांबूनही दिसतो.

ही उपमा लालपाशी मात्र तुटते. माती, रोप, आकाश आणि मग एकदम धोका? हा शब्द झाडाच्या गोष्टीतला नव्हे. काही सर ‘लाल म्हणजे सूर्य’ सांगून ती गोष्ट जुळवून घेतात. मला वाटतं, रंग आधी आले आणि अर्थ त्यांना मागाहून शिवले. पण लालाचा ‘धोका’ हा अर्थ सगळ्यांत कामाचा आहे, कारण तो शेतातून उचललेला नसून वर्गातून उचललेला आहे. लाल बेल्टच्या मुलाच्या लाथेत जोर आलेला असतो, वेग आलेला असतो, आणि ती हवी तिथे थांबवण्याची अक्कल अजून यायची असते. दुखापत करण्याची ताकद आणि ती न करण्याचा ताबा, या दोहोंमधलं अंतर या टप्प्यावर सर्वाधिक असतं. लाल बेल्ट समोरच्याला सांगतो, जपून. आणि घालणाऱ्यालाही तेच सांगतो.

एक गोष्ट इथेच वेगळी करून ठेवू. स्पर्धेत एक खेळाडू निळं छातीकवच घालतो, दुसरा लाल. पंच ‘चुंग’ म्हणाले की निळा, ‘होंग’ म्हणाले की लाल. याचा बेल्टशी काडीचाही संबंध नाही. लाल कवच मिळालं म्हणून प्रेक्षकांत बसलेल्या काकूंनी पोरगी रेड बेल्ट झाल्याचं कौतुक करू नये.

४. एकच लाथ, चार रंग

बेल्ट बदलतो तेव्हा नक्की काय बदलतं? नवनव्या लाथा शिकवतात, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं कळायला एकच लाथ घेऊन ती रंगारंगांतून जाताना पाहू. ‘डोल्यो चागी’, म्हणजे बाजूने फिरवून पायाच्या वरच्या भागाने मारायची लाथ. तायक्वांदोत ती सगळ्यांत जास्त वापरली जाते.

पांढरा बेल्ट. मुलगा भिंतीला हात टेकून उभा. सर "हाना" म्हणतात, म्हणजे एक. गुडघा सरळ पुढे वर. "दूल", दोन. ज्या पायावर उभा आहे तो पाय फिरवायचा, टाच लक्ष्याच्या दिशेने वळली पाहिजे. "सेत", तीन. नडगी झटक्यात सोडायची. "नेत", चार. पाय परत दुमडून खाली. सगळी मुलं दोन आणि चार खातात. उभा पाय फिरवत नाहीत, त्यामुळे सगळा पीळ गुडघ्याला बसतो. आणि लाथ मारली की पाय दुमडायच्या ऐवजी धपकन टाकतात. सर हातातल्या पॅडने उभ्या पायाच्या टाचेवर हलकेच टकटक करत वर्गभर फिरतात. पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत एवढंच.

हिरवा. भिंत गेली. समोर पॅड धरलेलं, आणि लाथ चालत चालत मारायची. आता आवाज महत्त्वाचा. नीट बसली तर पॅड ‘टाप’ असा कोरडा वाजतो, पाय ढकलला तर ‘धप’. डोळे मिटूनही फरक कळतो. हात मात्र खाली पडलेले असतात. लाथ वर गेली की हात खाली येणारच, हे प्रत्येक हिरव्याचं दुखणं.

निळा. आता पॅड स्थिर नाही. समोरचा मागे सरकतो, बाजूला होतो, आणि एका लाथेच्या पाठोपाठ दुसऱ्या पायाची लाथ हवेतच सोडायची. शिवाय समोर माणूस आहे, तोही मारणार आहे. इथे मुलगा पहिल्यांदा अंतर शिकतो. लाथ तीच, पण अर्धं पाऊल अलीकडून मारली तर हवेत जाते आणि अर्धं पाऊल पलीकडून मारली तर अडकते. हे अंतर कोणाला शब्दांत शिकवता येत नाही. ते चुकत चुकत पायात बसतं.

लाल. तीच लाथ डोक्याच्या उंचीला, पूर्ण वेगात, आणि जोडीदाराच्या कानाच्या चार बोटं अलीकडे थांबवायची. त्याच तासात त्याच मुलाने पांढऱ्या बेल्टच्या सात वर्षांच्या पोरासमोर पॅड धरायचं आणि त्याच्या टाचेकडे लक्ष द्यायचं. दुसऱ्याची चूक डोळ्यांना दिसायला लागली की स्वतःच्या लाथेतला तोच दोष जातो. लाल बेल्टकडून मदतनिसाचं काम करून घेतात ते सरांचे कष्ट वाचावेत म्हणून नाही, निदान फक्त त्यासाठी नाही.

मधल्या तीन वर्षांत नव्या लाथा आल्या नाहीत असं नाही. वरून खाली आणायची ‘नेर्यो’ आली, पाठ फिरवून मारायची ‘द्वी’ आली. पण परीक्षक जुना, मुरलेला असेल तर त्याची नजर नव्या लाथेवर कमी आणि या जुन्या डोल्योतल्या टाचेवर जास्त असते.

५. परीक्षेच्या दिवशी

परीक्षेला मुलं ओळीने बसतात, मोठा बेल्ट पुढे. आधी बेल्ट नीट बांधलेला आहे का ते पाहतात. मध्य बेंबीवर, कमरेला वेढे, पुढे गाठ, आणि दोन्ही टोकं सारख्या लांबीची. एक टोक गुडघ्यापर्यंत लोंबतंय आणि दुसरं वीतभर, असं पोर उभं राहिलं की सर काही न बोलता बोट दाखवतात. मग ते पोर पाठ फिरवून बेल्ट पुन्हा बांधतं, कारण सरांसमोर तोंड करून कपडे सावरायचे नाहीत असा रिवाज आहे.

मग मूळ हालचाली, मग ‘पूमसे’. पूमसे म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरलेल्या क्रमाने करायचा पाठ. रंगीत बेल्टसाठी असे आठ पाठ आहेत, त्यांना ‘थेगूक’ म्हणतात. प्रत्येक पाठ निसर्गातल्या एका तत्त्वाशी जोडलेला आहे: आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत आणि पृथ्वी. पहिल्या पाठात, थेगूक इल जांगमध्ये, 18 हालचाली आहेत. डावीकडे वळून हाताने खालचा वार अडवायचा, एक पाऊल पुढे टाकून ठोसा. मग पाठीमागे पूर्ण वळून तेच उजव्या अंगाने. असं करत अडवणं वर सरकत जातं, पुढे दोन सरळ लाथा येतात, आणि शेवटच्या ठोशाबरोबर पोटातून आरोळी, ‘किहाप’. कागदावर हा पाठ सोपा आहे. परीक्षेत मुलं अडतात ती वळण्याच्या जागी: कोणत्या पायावर वळायचं ते आठवत नाही, मग शेजारच्याकडे तिरक्या नजरेने बघतात, आणि शेजारीही तेच करत असतो.

वरच्या रंगांना यात लुटुपुटूची आणि मग खरी लढत, लवचीकता, दंड-बैठका, कधी लाकडी फळी फोडणं आणि थोडे तोंडी प्रश्न जोडले जातात. पूमसेला गौण समजू नये. अरुणाचल प्रदेशातून येऊन मुंबईत सराव करणाऱ्या रूपा बायोरने 2024 मध्ये आशियाई तायक्वांदो अजिंक्यपद स्पर्धेत पूमसेतच कांस्यपदक मिळवलं.

६. आता हिशोब मांडू

समजा, वडखळची आठ वर्षांची एक मुलगी जूनमध्ये वर्गात आली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत परीक्षा आठ. वर्गावर्गांत फरक असतो, पण दर तीन-चार महिन्यांनी एक परीक्षा धरू. चार महिन्यांनी धरली तर 8 गुणिले 4, म्हणजे 32 महिने. तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुलगी काळ्या बेल्टच्या परीक्षेला पोहोचते.

हे कागदावर. प्रत्यक्षात पावसाळ्यात वर्ग बुडतात, गणपतीत पेण तालुक्यात कोणाला सवड नसते, मार्चमध्ये शाळेची परीक्षा येते आणि एखाद्या रंगाला सर "अजून थांब" म्हणतात. साडेतीन-चार वर्षं धरलीत तर चिडचिड कमी होईल. कोणी बारा महिन्यांत काळा बेल्ट देतो म्हणाला, तर सरळ भागाकार करा: आठ परीक्षा, बारा महिने, दर दीड महिन्याला एक रंग. एवढ्यात टाचसुद्धा वळायला लागत नाही.

हिशोबात अजून एक खाच आहे. सेऊलमधलं ‘कुक्कीवॉन’ 1972 मध्ये उभं राहिलं. ऑलिंपिकवाल्या प्रवाहातल्या काळ्या बेल्टची प्रमाणपत्रं तिथून येतात. त्यांच्या नियमाने पहिला दान घ्यायला किमान वय 15. आपली मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. मग तिला मिळतो ‘पूम’, म्हणजे पंधराच्या आतल्यांचा काळा बेल्ट. हा बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो. पंधरा वर्षं पूर्ण झाली की पहिला पूम पहिल्या दानात बदलून घेता येतो.

बेल्ट न बघताही हे ओळखता येतं. गणवेशाच्या, म्हणजे ‘डोबोक’च्या गळ्याची पट्टी पहा. रंगीत बेल्टवाल्यांची पांढरी, पूमवाल्यांची लाल-काळी, दानवाल्यांची काळी. दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्याला पूर्ण काळी पट्टी दिसली तर एक तर शिंप्याची गडबड आहे, नाहीतर दुसऱ्या कोणाची.

७. बदली झाली तर?

डोलवीच्या कारखान्यामुळे हा प्रश्न वडखळला वारंवार पडावा असा आहे. समजा, एका कामगाराची बदली बेल्लारीजवळच्या तोरणगल्लूहून इकडे झाली. तिथे त्याच कंपनीचा मोठा कारखाना आहे. मुलगा तिथे ब्लू बेल्ट होता. इथल्या वर्गात पहिल्या दिवशी निळा बांधून आला आणि सरांनी त्याला हिरव्यांच्या ओळीत उभा केला. घरी रडारड. वडिलांना वाटलं, स्थानिक-परका असा काही प्रकार असावा.

बहुतेक वेळा तसं नसतं. रंगीत बेल्टचं प्रमाणपत्र साधारणतः वर्ग किंवा जिल्हा-राज्य पातळीवरची संघटना देते. निळ्यापर्यंत कोणते पाठ घ्यायचे, मध्ये पायऱ्या किती ठेवायच्या, हे जागोजागी बदलतं. 1973 मध्ये स्थापन झालेल्या आणि आज जागतिक तायक्वांदो नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचा प्रवाह वेगळा, चोई यांच्या महासंघाचा वेगळा. त्यांचे पाठ वेगळे आणि लढतीचे नियमही वेगळे. त्यातून भारतात एकाहून जास्त संघटना आहेत आणि त्यांच्यात मान्यतेवरून वाद झालेले आहेत. म्हणून नवे सर चार-सहा आठवडे मुलाला बघतात, मग ठरवतात. शहाणे सर तोवर त्याचा निळा बेल्ट काढून घेत नाहीत, फक्त ओळ बदलतात. पालकांनी जुनी प्रमाणपत्रं आणि कोणते पूमसे झाले याची यादी बरोबर आणली तर हा काळ कमी होतो.

पूम किंवा दान असेल तर गोष्ट निराळी. त्याची नोंद सेऊलला असते आणि प्रमाणपत्रावर क्रमांक असतो. जागतिक तायक्वांदोच्या स्पर्धांत उतरायचं तर सहसा हेच प्रमाणपत्र लागतं. काळ्या बेल्टबद्दल पालकांनी विचारायचा खरा प्रश्न ‘कधी’ हा नसून ‘प्रमाणपत्र कोणाचं’ हा आहे. तो परीक्षेची फी भरण्याआधी विचारावा, नंतर नाही. दर रंगाला परीक्षा आणि दर परीक्षेला फी असते, त्यामुळे पायऱ्या वाढवण्याचा मोह कोणाला होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण दोन रंगांमध्ये शिकवायला खरोखर नवं काही असेल तर जादा पायरीने लहान मुलांचं भलंही होतं.

शाळेच्या दहावी-बारावीच्या वाढीव गुणांबद्दलही गैरसमज आहेत. ते गुण बेल्टला मिळत नाहीत. शालेय क्रीडा स्पर्धांमधल्या कामगिरीसाठी आहेत, आणि त्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. लढतीचे गट तिथे वयावर आणि वजनावर पडतात. हिरव्या बेल्टची मुलगी जिल्ह्याला जिंकू शकते आणि लाल बेल्टची पहिल्याच फेरीत घरी येऊ शकते.

८. आणि काळ्यानंतर?

बरीच मुलं काळा बेल्ट मिळाला की वर्ग सोडतात. आईवडिलांनाही वाटतं, झालं शिकून. ज्या पद्धतीत आकडा काळ्यापाशी पुन्हा एकवर येतो, तिच्यात ‘झालं’ असं म्हणायला जागा कमी आहे. पहिला दान म्हणजे मूळ हालचाली नीट येतात, आता शिकवायला सुरुवात करता येईल, एवढंच. आठही थेगूक मागे पडतात आणि ‘कोर्यो’ नावाचा नवा पाठ समोर येतो.

पुढच्या पायऱ्यांमध्ये थांबायचा काळ कुक्कीवॉनने ठरवून दिलेला आहे. पहिल्यानंतर दुसऱ्या दानसाठी एक वर्ष, मग तिसऱ्यासाठी दोन, चौथ्यासाठी तीन, पाचव्यासाठी चार, सहाव्यासाठी पाच, सातव्यासाठी सहा, आठव्यासाठी आठ आणि नवव्यासाठी नऊ. बेरीज 38 वर्षं. आपल्या मुलीने पंधराव्या वर्षी पहिला दान घेतला आणि एकही वर्ष वाया घालवलं नाही, तर नवव्या दानच्या परीक्षेला ती वयाच्या 53 व्या वर्षी बसू शकेल. या सगळ्या काळात बेल्टचा रंग बदलत नाही. काही जण त्यावर दानच्या संख्येइतक्या सोनेरी रेघा भरून घेतात, काही जण तेही करत नाहीत.